कोल्हापूरजवळ लाल-पिवळी पानं बघायला कुठं आणि कधी जावं?

शाहूपुरीकर
६ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

ताई अमेरिकेत व्हर्मॉन्टला असते. काल तिनं व्हिडिओ कॉलवर घरामागचा डोंगर दाखवला, अख्खा डोंगर लाल, शेंदरी, पिवळा, मेपलची झाडं आहेत म्हणाली. आमचे आप्पा खुर्ची ओढून फोनच्या अगदी जवळ जाऊन बसले, कॉल संपला तरी तिथंच बसून होते. आणि रात्री जेवताना म्हणाले, "आपल्याकडं पण डोंगर हाय की, मग आपली झाडं का रंगत न्हाईत?" मला काही उत्तर देता आलं नाही. आप्पांचा सगळा जन्म शेतात गेलाय, झाडांबद्दल ते मला विचारतात आणि मी गप्प बसतो हे मनाला लागलं.

तर प्रश्न असा की कोल्हापूरपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं असं ठिकाण आहे का जिथं पानांचा रंग बघायला मिळेल? जूनमध्ये आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं ट्रेक वगैरे नाही, गाडी थांबवून रस्त्यावरनंच दिसलं पाहिजे. पन्हाळा, आंबा घाट, गगनबावडा, राधानगरी यातलं कुठं आणि कधी? दिवाळीच्या सुट्टीत न्यायचा विचार आहे.

---

मिरजकर_रेल्वेवाला
६ ऑक्टोबर, रात्री ११.१५

आंबोलीला जा भावा, ऑक्टोबरात लई भारी असतंय, पाऊस गेलेला, गर्दी कमी, आजऱ्यावरनं रस्ता पण चांगला.

---

शाहूपुरीकर
६ ऑक्टोबर, रात्री ११.२०

आंबोली भारीच आहे दादा पण ते सगळं हिरवंगार असतंय ना. आप्पांना रंग बघायचेत.

---

भटकी_शिक्षिका
७ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

कास बघून या असं सांगणार होते पण ती फुलं आहेत, पानं नाहीत, आणि आता बहर उतरणीला लागला असणार. इकडं जवळ मसाई पठारावर ऑक्टोबरअखेर गवत सोनेरी होतं, पन्हाळ्यापासून पुढं थोडंच आहे. संध्याकाळी साडेपाचच्या उन्हात वारा सुटला की ते गवत पिवळ्या पाण्यासारखं हलतं. पानं नाहीत पण रंग आहे. वर्गातल्या मुलांना घेऊन गेले होते, मुलं चक्क शांत बसली होती.

---

घाटमाथा
७ ऑक्टोबर, दुपारी २.३०

शाहूपुरीकर, तुमच्या आप्पांचा प्रश्न लाखाचा आहे, जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आधी एक घोळ निस्तरू. इंग्रजी ऑटमला आपण शाळेत शरद शिकलो आणि त्यामुळं वाटतं की शरदात पानं गळली पाहिजेत. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, चांदण्याचा, भात पिकण्याचा ऋतू. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. म्हणजे दिवाळीत तुम्ही आप्पांना नेलंत तर पानगळीच्या तीन महिने आधी पोचाल, निराश होऊन परत याल.

आता का रंगत नाहीत ते. पानात हिरवं द्रव्य असतं, हरितद्रव्य, आणि त्याच्याखाली पिवळं-केशरी द्रव्य आधीपासनंच असतं पण हिरव्यानं झाकलेलं. थंड देशात दिवस लहान व्हायला लागला की झाडाला इशारा मिळतो, ते पानातलं कामाचं सगळं डहाळीत परत ओढून घेतं, हिरवं मोडतं आणि खालचं पिवळं उघडं पडतं. लाल रंगाची गोष्ट वेगळी, तो आधीपासनं नसतो, झाड तो शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार करतं. त्याला दिवसा लख्ख ऊन लागतं, रात्री गारवा लागतो पण कडाक्याचं हिमतुषार नको, आणि पानात साखर अडकून राहिली पाहिजे. मेपलला हे सगळं एकदम मिळतं.

आपल्याकडं कोल्हापुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा १३ तासांच्या थोडा वर. फरक दोनच तासांचा. श्रीनगरला हाच फरक साडेचार तासांच्या आसपास जातो. म्हणून आपली झाडं दिवसापेक्षा पाण्याकडं बघतात. पाऊस संपला, जमिनीतली ओल उतरत गेली की ज्याला जमेल तसं ज्यानं त्यानं पान टाकायचं. कुणी डिसेंबरात टाकतं, कुणी मार्चात. अख्खा डोंगर एका आठवड्यात रंगणं आपल्याकडं होत नाही. त्यात दाजीपूर, गगनबावडा ह्या घाटमाथ्यावर पाऊस एवढा की तिथलं जंगल बरंचसं सदाहरित, ते पानं एकदम टाकतच नाही.

पण आप्पांना एक गोष्ट माझ्याकडनं नक्की सांगा. आपली झाडं रंगतात. फक्त तिकडची जाताना लाल होतात, आपली येताना लाल होतात. मार्चमध्ये कुसुंब बघा. नवी पालवी रक्तासारखी लाल, अख्खं झाड, एक हिरवं पान नाही. लांबनं बघणारा फुलं समजतो. दिवाळीचा बेत रद्द करा आणि होळीचा धरा.

---

मिरजकर_रेल्वेवाला
७ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

घाटमाथा साहेब, मान गये. शरद-शिशिराचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

---

पेठेतली_वहिनी
७ ऑक्टोबर, रात्री ९.००

रंगीत पानंच बघायची असतील आणि बजेट असेल तर काश्मीर, पण तारखा बघून. आमचा अनुभव सांगते कारण ह्यात बरेच जण फसतात. आम्ही एकदा दसऱ्यानंतर लगेच गेलो, टूरवाल्यानं चिनारचा सीझन म्हणून पॅकेज दिलं होतं. गेलो तर चिनार हिरवेच, कुठंतरी एखादी फांदी पिवळी. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी वर्षभर पैसे साठवले होते, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. शिकारावाले काका म्हणाले, तुम्ही दोन-तीन आठवडे लवकर आलात.

मग दोन वर्षांनी हट्टानं परत गेलो, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सासूबाईंना घेऊनच. श्रीनगरला विद्यापीठाच्या आवारात नसीम बाग म्हणून आहे, मुघलांच्या काळातली चिनारची बाग. पान आधी पिवळं, मग तांब्यासारखं, मग गडद लाल. पायाखाली घोट्याएवढी पानं. तिकडं ह्या ऋतूला हरुद म्हणतात. बायका पानं गोळा करून जाळत होत्या, त्याचा कोळसा थंडीत कांगडीत, म्हणजे उबेसाठी जवळ धरायच्या निखाऱ्याच्या भांड्यात, घालतात. त्या धुराचा वास पण लक्षात राहिलाय. तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य, ह्याच्या आधी-नंतर जाऊ नका.

---

शाहूपुरीकर
७ ऑक्टोबर, रात्री १०.२५

घाटमाथा दादा, तुमची पोस्ट आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवली, दोनदा. कुसुंब म्हणल्यावर ते थोडा वेळ विचार करत होते, नाव ऐकल्यासारखं वाटतंय म्हणाले पण झाड डोळ्यासमोर येईना. वहिनी, काश्मीर गुडघ्यामुळं यंदा शक्य नाही, पण सासूबाईंना परत घेऊन गेलात हे वाचून खूप बरं वाटलं.

मार्चपर्यंत थांबायचं म्हणजे पाच महिने. मधल्या काळात दाखवण्यासारखं काहीच नाही का?

---

घनसाळ_आजरा
८ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

आहे की. नोव्हेंबरात आंबा घाटात जावा आणि दरीकडं बघा, मधेमधे विटकरी-लाल शेंडे दिसतील. आमच्या आजरा-आंबोली रस्त्याला पण दिसतात. सगळं हिरवं आणि मधेच अशी तांबडी छत्री.

---

रानपाखरू
८ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

ते किंजळ. पण ती पानं नाहीत हो, फळं आहेत. किंजळाच्या फळाला छोटे पंख असतात, ती फळं झुबक्यानं लागतात आणि पिकायला लागली की गुलाबी-लालसर, मग विटकरी, मग तपकिरी होतात. पानाचा रंग म्हणून सांगू नका, आप्पांनी फांदी हातात घेतली तर त्यांना लगेच कळेल.

---

घनसाळ_आजरा
८ ऑक्टोबर, सकाळी ११.००

बरोबर आहे, फळंच. पण लांबनं डोंगर रंगलेला दिसतोय की नाही? माणसाला पाच महिने नुसतं थांब म्हणण्यापेक्षा बरं.

---

रानपाखरू
८ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

ते मान्य. मग पानांसाठी ही घ्या माझ्याकडनं भर, सगळी गळायच्या आधी लाल होणारी:

देशी बदाम, हा तर शहरात गल्लोगल्ली आहे, थंडीत बघा, मोठाली पानं शेंदरी-लाल होऊन एकेक पडतात. कुंभा, घाटाकडच्या माळांवर, जाड सालीचं झाड, थंडी संपता संपता पानं लाल. तामण, आपलं राज्यफूल ज्याचं, त्याची पानं पण गळताना तांबूस होतात. ही झाडं विखुरलेली असतात, व्हर्मॉन्टसारखा डोंगर नाही मिळणार, एकेक झाड हुडकावं लागतं. पण मला विचाराल तर त्यातच गोडी आहे, सापडलेलं झाड आपलं होतं, पुढच्या वर्षी आपण त्याच तारखेला त्याच वळणावर गाडी थांबवतो.

---

शाहूपुरीकर
१७ नोव्हेंबर, रात्री ८.१५

वृत्तांत टाकायला उशीर झाला. रविवारी आप्पांना घेऊन मलकापूरमार्गे आंब्याला जाऊन आलो. गळीत हंगाम सुरू झालाय त्यामुळं उसाच्या ट्रॉल्यांमागं बराच वेळ गेला, सकाळी सातच्या आत शहर सोडा हे आधीच सांगून ठेवतो. घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला लावली, आप्पांसाठी घडीची खुर्ची नेली होती. घनसाळ दादा, दिसलं! दरीत उतारावर सहा-सात विटकरी शेंडे, आप्पांनी बोटानं मोजले. एक झाड रस्त्याच्या कडेलाच होतं, झुबका वाकवून दाखवला तर म्हणाले, "हे फळ हाय, पान न्हवं." रानपाखरू, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं झालं.

खूश होते. पण परत येताना मलकापूरला चहा पिताना म्हणाले, "मार्चात त्या कुसुंबाला जायचं हं."

---

शाहूपुरीकर
२१ जानेवारी, सकाळी ८.००

छोटीशी पोस्ट. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर देशी बदाम आहे, तीस वर्षं त्याच्याखालनं जातोय. काल आप्पांनी फिरून येताना एक पान आणलं, अर्धं लाल अर्धं हिरवं, देठाकडनं हिरवं. टेबलावर ठेवलंय. ताईला फोटो पाठवला तर तिचा फोन आला, तिकडं आता सगळा बर्फ आहे, तिला खरंच वाटेना की हे आपल्या गल्लीतलं. आणि चालणं वाढलंय आप्पांचं, बदामापर्यंत जाऊन यायचं म्हणून रोज स्वतःहून निघतात.

---

भटकी_शिक्षिका
२१ जानेवारी, सकाळी ८.४५

किती छान! विद्यापीठाच्या आवारात पण घेऊन जा एखाद्या सकाळी, मोठमोठी झाडं आहेत आणि रस्ता सपाट आहे. फेब्रुवारीत पळस-पांगारा-काटेसावर पण सुरू होईल.

---

घाटमाथा
२६ फेब्रुवारी, रात्री ९.५०

धागा वर काढतोय. आज राधानगरी भागात होतो. कुसुंबाची पानं गळायला लागलीत, काही झाडं पार उघडी झालीत, एकदोन ठिकाणी डहाळीच्या टोकाला लाल टिपके दिसले. हिशेब असा धरा, कोंब फुटल्यापासून लाली साधारण दहा-पंधरा दिवस टिकते, मग गुलाबी, मग पोपटी, मग इतर झाडांसारखंच हिरवं. सगळी झाडं एका दिवशी फुटत नाहीत त्यामुळं मार्चचे पहिले तीन आठवडे कुठलं ना कुठलं मिळेल. माझ्या मते दुसरा आठवडा धरा.

लाल का, ते मागं राहिलं होतं. कोवळ्या पानात हिरवं अजून पुरतं भरलेलं नसतं आणि डोक्यावर मार्चचं ऊन, तेव्हा तो लाल रंग पानाला छत्रीसारखा उपयोगी पडतो असं मानतात. किडे लाल पान कमी खातात असंही एक मत आहे. पिंपळाची, आंब्याची, जांभळाची पालवी तांबूस असते ती पण त्याच जातीची गोष्ट. आणि पाडव्याला आपण गुढीला कडुलिंब लावतो त्याची टोकाची पानं बघा, तांबूसच. म्हणजे आपल्या दारात दरवर्षी ते येतं.

---

रानपाखरू
२ मार्च, रात्री १०.३०

आज मन लई खट्टू झालंय म्हणून इथं लिहितोय. पन्हाळ्याच्या बाजूला एका डोंगराला वणवा लागलेला, आम्ही पाच-सहा जण हिरव्या फांद्या घेऊन गेलो, तीन तास झोडपलं तेव्हा आटोक्यात आलं. कुणीतरी गवत पेटवलंय, जाळलं की नवीन गवत चांगलं येतं हा समज अजून जात नाही. ज्या झाडांची पालवी बघायला आपण जाणार त्यांची पानगळ खाली पडलेली असते, कोरडी, एक काडी पुरते. तिथं एक कुसुंब होतं, कोंब फुटलेले. बुंधा जळालाय, वाचतं का बघायचं.

मार्चात बाहेर पडणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, डोंगरात चूल नको, सिगारेट नको, आणि धूर दिसला तर फोटो काढण्याआधी गावात आणि वनखात्याला फोन करा.

---

घनसाळ_आजरा
३ मार्च, सकाळी ७.१०

रानपाखरू, धन्यवाद हो तुम्हा सगळ्यांना. आमच्या गावात यंदा पोरांनी आधीच जाळरेषा काढली, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा. तुमच्याकडं माणसं कमी पडत असतील तर सांगा, दोन गाड्या घेऊन येतो.

---

शाहूपुरीकर
१५ मार्च, रात्री ९.२०

काल गेलो. नीट लिहितो.

सकाळी साडेसहाला निघालो, हळदी, परिते करत राधानगरी. तिथं नाष्टा केला आणि दाजीपूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूला बघत हळू चालवत होतो, आप्पा पुढच्या सीटवर, काच खाली. पळस दिसला, त्याला ओळखलं त्यांनी. मग एका वळणावर आप्पाच म्हणाले, "थांब थांब थांब." मी ब्रेक लावला.

उतारावर, रस्त्यापासून वीसएक पावलांवर एकटं झाड. मागं सूर्य होता, पानांतनं उजेड आरपार येत होता. घाटमाथा दादा, तुम्ही रक्तासारखं लाल लिहिलं होतं पण उजेडात ते डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसत होतं. पानं कोवळी म्हणून खाली लोंबलेली, ओल्या फडक्यासारखी मऊ. आप्पा माझ्या खांद्याला धरून ती वीस पावलं चालले. खुर्ची मांडली तर बसले नाहीत.

बुंध्यावरनं हात फिरवला, नखानं साल जरा खरवडली आणि म्हणाले, "अरं, हे कोशिंब हाय."

मला वाटलं विसरले, म्हणलं आप्पा कुसुंब. तर म्हणाले एकच ते, आमच्याकडं कोशिंब म्हणायचे. त्यांच्या आज्ज्याच्या वेळी गुऱ्हाळाचा चरक लाकडी होता, त्याच्या लाटा ह्या लाकडाच्या, इतकं टणक की ऊस पिळून पिळून झिजत नव्हतं. पुढं लोखंडी चरक आला आणि ते लाकूड कितीतरी वर्षं गोठ्यात पडून होतं, लहानपणी ते त्याच्यावर बसून जेवलेत. म्हणजे लाकूड माहीत होतं, झाडाचं नाव माहीत होतं, पण हे लाल कधी बघितलं नव्हतं. मी विचारलं का? म्हणाले, "मार्चात गुऱ्हाळ चालायचं रे. मान वर करायला टाइम कुणाला हुता?"

तासभर थांबलो. ताईला तिथनंच फोन लावला, रेंज एकच काडी होती, चित्र अडकत होतं. तिकडं रात्र झालेली. आप्पा तिला म्हणाले, तुझं झाड जाताना लाल होतंय, आमचं येताना.

सगळ्यांचे मनापासून आभार.

---

पेठेतली_वहिनी
१५ मार्च, रात्री १०.०५

वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मला पण ने. आता पुढच्या रविवारी जाऊ का उशीर होईल?

---

घाटमाथा
१५ मार्च, रात्री १०.३०

वहिनी, रविवारी जा पण तेच झाड तोवर पोपटी होत आलं असेल. दाजीपूरकडं अजून पुढं जा, घाटमाथ्याला उशिरा फुटणारी एखाददोन मिळतील. सकाळी नऊच्या आत पोचा, ऊन तिरकं असताना रंग उठतो, दुपारी सगळं फिकं दिसतं.

शाहूपुरीकर, चरकाचं मला पुस्तकातनं माहीत होतं, त्यावर बसून जेवलेला माणूस भेटला नव्हता. आप्पांना नमस्कार सांगा. अजून एक सांगा त्यांना, लाखेचा किडा ज्या झाडांवर वाढवतात त्यात कुसुंबावरची लाख उत्तम मानतात, तिला कुसुमी लाखच म्हणतात.

---

शाहूपुरीकर
१६ मार्च, सकाळी ७.३०

सांगितलं. आता त्यांचं एक नवीन काम निघालंय, बांधावर कोशिंब लावायचंय. रोप कुठं मिळेल, का बी गोळा करायचं?

---

रानपाखरू
१६ मार्च, सकाळी ८.१०

बी गोळा करा. उन्हाळा संपता संपता फळं पिकतात, आंबट गर असतो, खायला चालतो, पोरं आवडीनं खातात. खाली पडलेली घ्या, गर धुऊन टाका आणि ताजंच पेरा. दोन-दोन बिया पिशवीत, सावलीत. झाड हळू वाढतं, पहिली काही वर्षं गुरांपासनं जपावं लागेल. जूनमध्ये मी त्या जळालेल्या झाडाकडं जाणारच आहे, खालच्या बाजूनं परवा कोंब दिसलाय त्याला. आसपासच्या झाडांखालनं आप्पांसाठी बी घेऊन येतो, शाहूपुरीत आणून देतो.

---

शाहूपुरीकर
१६ मार्च, सकाळी ८.२५

आप्पा म्हणतायत दहा पिशव्या भरून तयार ठेवतो, माती आमच्या मळ्यातली.